फ्लॉप्यांच्या विसर्जनाला पाणी नव्हतं

आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा कळंब तालुक्यातल्या निम्म्या गावांना टँकर चालू होता. कॉम्प्युटरसाठी वेगळी खोली बांधली, तिला काचेचं दार लावलं, आत गार हवेचं मशीन बसवलं आणि दाराबाहेर चपला काढण्याची पाटी ठोकली. कामगारांसाठी व्हरांड्यात एक रांजण होता आणि तो दुपारनंतर कोरडा असायचा. मशीनला गारवा लागतो असं पुण्याच्या कंपनीनं लिहून दिलं होतं. माणसाला लागतो असं कुणी लिहून दिलेलं नव्हतं, त्यामुळं त्याची तजवीज झाली नाही.

त्या काचेच्या खोलीत मी बसायचो. उस्मानाबादच्या कॉलेजातून बी.कॉम. झालो होतो, सोलापुरात कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, आणि कारखान्याला एक राखीव जागा भरून दाखवायची होती. या तिन्ही गोष्टी एकदम जुळल्या आणि मी ऑपरेटर झालो. आमच्या वस्तीत बरेच दिवस असा समज होता की मी कारखान्यात सिनेमा दाखवतो, कारण कळंबच्या टॉकीजमध्ये जो मशीनवर असायचा त्यालाही ऑपरेटरच म्हणत. मी तो समज खोडून काढायच्या भानगडीत पडलो नाही. पुढं जे बघायला मिळालं ते बघता तो फार चुकीचाही नव्हता.

मशीनचं मुख्य काम एकच. कुणाचा ऊस कधी लावला याची नोंद ठेवायची आणि हंगाम सुरू झाला की ज्याची लागण आधी त्याची तोड आधी, या हिशोबानं यादी छापायची. ऐकायला हे साधं वाटतं. पण त्या यादीवरून कारखान्यात जितकं राजकारण व्हायचं तितकं आमदारकीलाही होत नसे. तोडणीची टोळी वेळेवर रानात आली तर ऊस, उशिरा आली तर चिपाड. पूर्वी ही यादी शेतकी खात्यातला अधिकारी हातानं करायचा आणि तो कुणाच्या घरी चहा प्यायला यावरून लोक आपापला नंबर ओळखायचे. कॉम्प्युटर आला तेव्हा चेअरमननी भाषणात सांगितलं होतं, ‘‘यंत्राला गट नाही, भावकी नाही, यंत्र चहा पीत नाही.’’ टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात टाळ्या शेतकी अधिकाऱ्यांनी वाजवल्या. त्यानंतर नोंदीच्या वह्या लिहायच्या बंद झाल्या, कारण यंत्र असताना वही म्हणजे मागासलेपणा.

पण यंत्राला तारखा पुरवणारा माणूस मात्र चहा पीत होता. त्याला चिटबॉय म्हणायचे. वय पन्नाशीला आलेलं, केस पिकलेले, हुद्दा बॉयचा. तो सायकलवरून गावोगाव हिंडायचा आणि कुणी ऊस लावला ते लिहून आणायचा. लागण कधी झाली हे विचारायची पद्धत नव्हती. चिटबॉय ज्या दिवशी बांधावर उभा राहिला त्या दिवशी ऊस लागला, असा एकूण रिवाज. आणि तो कुठं कधी उभा राहणार हेही ठरलेलं असायचं. महिना उजाडला की पहिल्या दोन-चार दिवसांत संचालक, मोठे बागायतदार, जिथं पोहे मिळतात अशी घरं. मग मधली गावं. ओढ्यापलीकडची आमची वस्ती महिन्याच्या अगदी शेवटी, जेव्हा कागद कारखान्यात द्यायची वेळ येई आणि आता जाण्यावाचून गत्यंतर नाही अशी त्याची खात्री पटे. यात त्याचं काही वाकडं नव्हतं. आमच्याकडं टपाल असंच यायचं, मलेरियाचा फवारा असाच यायचा आणि मतं मागायला येणारे सोडले तर सगळेच असे यायचे.

आमच्या वस्तीत ऊस होता तो माझ्या मायचा आणि आणखी चार-दोन घरांचा. वडील सोलापूरच्या गिरणीत होते. गिरणीतून सुटताना त्यांनी मांजरा नदीच्या अलीकडं दीड एकर रान घेतलं, विहीर पाडली आणि कारखान्याचा शेअर काढला. पुढं वर्षभरात ते गेले. रान, विहीर आणि शेअर मायच्या नावावर आलं. ती लोकांच्या रानात रोजानं जायची आणि उरलेल्या वेळात स्वतःचं रान बघायची, म्हणजे उरलेला वेळ असा नसायचाच. मी नोकरीला लागल्यावर रोजाला जाऊ नकोस म्हणालो, तर म्हणाली, ‘‘तुझी नोकरी मशीनवर हाय. मशीन बिघडलं म्हंजी?’’

ज्या हंगामाची गोष्ट सांगतोय त्याच्या आधीचा पावसाळा कोरडा गेला होता आणि त्या वर्षीचाही कोरडाच चालला होता. गुरं छावणीत गेली होती. मायच्या विहिरीत पाणी होतं, पण ते तळाशी जाऊन बघावं लागायचं. मोटर थोडा वेळ चालायची, हवा ओढायची, बंद पडायची. मग पुन्हा पाझर भरेपर्यंत वाट. तेवढ्या पाण्यावर तिनं तो ऊस वर्षभर जगवला. माझ्यापेक्षा जास्त त्याच्याकडं लक्ष दिलं असं मी म्हणायचो आणि ती ते नाकारायची नाही. सुरुवातीलाच टोळी आली तर ऊस कारखान्यात जाणार होता. हंगामाच्या शेवटावर ढकलला तर विहीर तोवर दम धरणार नव्हती. दिवाळीनंतर मोटर बंद पडेल ती कायमचीच, हे तिनं आधीच सांगून ठेवलं होतं.

अशा वेळी कारखान्याला नव्या आवृत्तीची गरज भासली. जुना प्रोग्रॅम बरा चालत होता, पण शेजारच्या जिल्ह्यातल्या कारखान्यानं नवी आवृत्ती घेतल्याचं आमच्या चेअरमनना एका लग्नात कळलं. मग पुण्याचा इंजिनिअर आला. पोरगेला, घाऱ्या डोळ्यांचा, सारखा घाम पुसणारा. त्यानं मला समजावून सांगितलं आणि मनापासून सांगितलं हे कबूल केलं पाहिजे. प्रोग्रॅम स्वतः सगळं करत नाही. तारखा वाचणं, नावं क्रमानं लावणं, कागदावर छापणं, ही कामं करणारे तयार तुकडे दुसऱ्या कुणीतरी बनवलेले असतात आणि ते प्रोग्रॅमच्या पोटात बसवतात. त्या तुकड्यांच्या संचाला लायब्ररी म्हणायचं. ‘‘तुमचा प्रोग्रॅम तोच आहे,’’ तो म्हणाला, ‘‘आत फक्त नवी लायब्ररी घातलीय. जास्त वेगवान आहे.’’

‘‘आणि जुन्या फाइली? वर्षभराच्या नोंदी आहेत त्यात,’’ मी विचारलं.

‘‘चालतील की. बॅकवर्ड कम्पॅटिबल आहे. मागचं सगळं नव्याला वाचता येतं.’’

शेजारी चेअरमन उभे होते. त्यांनी एवढ्यातला एकच शब्द उचलला. ‘‘बॅकवर्ड म्हणल्यावर आपल्या भागात चालणारच,’’ ते म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो. नोकरीत कायम व्हायचा होतो.

नवी आवृत्ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी बसली. खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. बॉयलर, क्रेन, वजनकाटा आणि गेली दोन वर्षं कॉम्प्युटरही. जुन्या प्रोग्रॅमच्या आणि नोंदींच्या फ्लॉप्या, म्हणजे त्या चौकोनी काळ्या, पापडासारख्या पातळ तबकड्या, दोन्ही वर्षं पाटावर मांडून त्यांना हळदीकुंकू वाहिलेलं होतं. कुंकू आतल्या चकतीला लागू नये म्हणून मी अंगठा धरून उभा असायचो, हे माझं तांत्रिक योगदान. यंदा पाटावर नव्या फ्लॉप्या आल्या. नारळ फुटला, नवा प्रोग्रॅम मशीनमध्ये गेला, त्यानं जुन्या नोंदी गिळल्या आणि आपल्या पद्धतीनं पुन्हा लिहून ठेवल्या. कुठंही कुरकुर झाली नाही. इंजिनिअर जेवला आणि पुण्याला गेला.

मग प्रश्न आला जुन्या फ्लॉप्यांचा. मी म्हणालो, कपाटात ठेवू. एक संचालक होते, शेजारच्या गावचे मोठे बागायतदार. मायच्या रानाला लागूनच त्यांचं रान. ते दचकलेच. ‘‘पूजलेली वस्तू अशी कपाटात टाकत्यात व्हय? नवा देव बसला की जुना पाण्यात सोडावा लागतो. दोन एका घरात ठेवायचे नसत्यात.’’ देव्हाऱ्यातले झिजलेले टाक, फाटकं पंचांग, देवाची तडकलेली तसबीर वाहत्या पाण्यात सोडायची हा रिवाज सगळ्यांना माहीत होता आणि फ्लॉपीला तो लागू होत नाही असं कुठल्याही पोथीत म्हटलेलं नव्हतं. संचालक मंडळात यावर पहिल्यांदाच एकमत झालं. शिपाईमामांना बोलावून फ्लॉप्या लाल फडक्यात बांधून दिल्या आणि नदीला सोडून यायला सांगितलं. कारखान्याची सगळी अक्कल त्या फडक्यात बांधून निघाली आणि मी सायकलवरच्या मामांना दारातून बघत राहिलो.

हंगाम तोंडावर आला. मी यादी छापली. शेतकी अधिकाऱ्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं आणि ‘वा’ म्हणाले. चेअरमननी वाचली, त्यांना आवडली. संचालकांनी वाचली, त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. इतकी बिनतक्रार यादी कारखान्याच्या इतिहासात झाली नव्हती. मायचा नंबर शेवटच्या पानावर होता, शेवटून दुसरा. मी तो पाहिला, घरी सांगायचं टाळलं, आणि मशीननं काढलाय म्हणजे बरोबरच असेल अशी स्वतःची समजूत घातली. कोर्सला हेच शिकवलं होतं.

माय दुसऱ्या दिवशी कारखान्यातच आली. काचेच्या दाराबाहेर चपला काढल्या, आत आली, गार हवेनं अंगावर पदर ओढला.

‘‘माझा नंबर कितवा रं?’’

‘‘शेवटच्या पानावर हाय, माय.’’

‘‘आन् शेजारच्या मालकाचा?’’

‘‘पहिल्या.’’

‘‘त्याच्या रानात कांड्या म्या दाबल्या,’’ ती म्हणाली. ‘‘रोजानं गेले हुते. आपलं लावून झालं, मंग गेले. दिवाळी मधी गेली हुती. मंग त्याचा ऊस माझ्या आधी कसा म्हातारा झाला?’’

‘‘मशीननं काढलंय, माय.’’

‘‘मशीन माझ्यासंगं रोजानं आलं हुतं का?’’

एवढं बोलून ती चपला घालून गेली. मला राग आला. आधी तिचा, मग मशीनचा, आणि नोंदी उघडून बघितल्यावर स्वतःचा.

मी दोघांच्या नोंदी पडद्यावर काढल्या. यादीत नुसते नंबर आणि नावं छापली जायची, तारखा नाही, म्हणून आजवर दिसलं नव्हतं. मायच्या उसाची लागण मशीनच्या मते एकोणीसशे एकतीस साली झालेली होती. तेव्हा ती जन्मलीही नव्हती. शेजारच्या संचालकांचा ऊस त्याहून थोर. तो एकोणीसशे दोनमध्ये लावलेला, निजामाच्या आमदानीतला, आणि अजून उभा. चेअरमनचा त्याच्याही आधीचा, एकोणीसशे एकचा. असं ऐतिहासिक पीक जिल्ह्यात दुसरीकडं कुठं नसेल.

भानगड अशी झाली होती की जुना प्रोग्रॅम तारीख आपण लिहितो तशी लिहायचा. आधी दिवस, मग महिना, मग साल. नवी लायब्ररी आधी साल वाचायची आणि दिवस शेवटी. ऑक्टोबरच्या एकतीस तारखेची नोंद तिनं एकतीस सालाची म्हणून वाचली, डिसेंबरच्या दोन तारखेची दोन सालाची. शेवटी उरलेल्या शहाऐंशीचा, म्हणजे लागणीच्या खऱ्या सालाचा, तिनं दिवस केला आणि महिन्याला शहाऐंशी दिवस नसतात असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. मागचं सगळं वाचता येतं हे इंजिनिअरचं म्हणणं खरं होतं. वाचता येतच होतं. समजत नव्हतं.

म्हणजे त्या यादीत ज्याची नोंद महिन्याच्या सुरुवातीला, तो पहिला. ज्याची महिनाअखेर, तो शेवटचा. महिना कुठला का असेना. आणि चिटबॉय सुरुवातीला कुणाच्या घरी जायचा आणि अखेरीला कुणाकडं, हे वर सांगितलंच आहे.

मी यादी घेऊन शेतकी अधिकाऱ्यांकडं गेलो.

‘‘साहेब, मशीननं तारखा उलट्या वाचल्यात. यादी चुकलीय.’’

त्यांनी पहिलं पान पुन्हा वाचलं, दुसरं वाचलं. ‘‘चुकलीय कुठं? चेअरमनसाहेब आहेत, व्हाईस चेअरमन आहेत, सगळे संचालक आहेत. एकही नाव राहिलेलं नाही.’’

‘‘पण साहेब, तारखा...’’

‘‘तारखा असतील चुकल्या. क्रम बरोबर लागलाय.’’

त्यांच्या टेबलासमोर उभं राहून मला जे कळलं ते कोर्सला शिकवत नाहीत. कुठलीही दुसरी चूक झाली असती तर कारखान्यात बोंब उठली असती. मशीननं मायचं नाव चेअरमनच्या वर छापलं असतं तर त्याच दुपारी पुण्याला तार गेली असती. ही चूक कुणालाही दिसली नाही, कारण ती चुकीसारखी दिसतच नव्हती. ती नेहमीसारखी दिसत होती. यंत्रानं एवढी मजल मारून, विजेवर चालून, गार हवा खाऊन शेवटी तेच काढलं होतं जे अधिकारी चहाच्या कपावर काढायचे. मला संताप आला. मी ‘बरं साहेब’ म्हणालो आणि बाहेर आलो.

पुण्याला ट्रंककॉल लावला. बराच वेळ खरखर झाल्यावर इंजिनिअर सापडला. मी तारखांचं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘अरे हो. तिथं तो फरक आहे. मी येऊन दुरुस्त करतो, पण आत्ता जमणार नाही, सगळीकडं हंगाम सुरू होतोय. तुम्ही तोवर जुन्या फ्लॉप्या लावून यादी काढा. त्यात प्रोग्रॅम पण आहे, नोंदी पण आहेत. फ्लॉप्या ठेवल्यात ना?’’

‘‘विसर्जन केलं.’’

‘‘काय केलं?’’

‘‘पाण्यात सोडल्या.’’

‘‘का?’’

याचं उत्तर ट्रंककॉलच्या तीन मिनिटांत मावणारं नव्हतं. मी फोन ठेवला.

शिपाईमामा व्हरांड्यात रांजणाला टेकून बसले होते. मी नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, ‘‘मामा, त्या फ्लॉप्या नदीत कुठं सोडल्या?’’

मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मीच उन्हात जास्त हिंडून आलोय. ‘‘सोडायला नदीत पाणी कुठं हाय? वाळू हाय नुसती. बायांनी झिरे खांदल्यात, वाटी-वाटीनं पाणी भरत्यात. त्यात तुमचं डबडं सोडलं असतं तर मला हाणलं असतं त्यांनी.’’

‘‘मग कुठंय ते?’’

‘‘म्हादेवाच्या देवळात. पाणी आलं की सोडू म्हणलं. म्या एकटाच हाय व्हय, लई जणांनी ठिवलंय.’’

आम्ही सायकलवर डबलसीट गेलो. मांजरेच्या काठावरचं ते लहान दगडी देऊळ. मी पायरीपाशी थांबलो. बंदी नव्हती, श्रद्धाही नव्हती. आमच्या पायांना त्या पायरीपाशी थांबायची जुनी सवय होती एवढंच. तिथून आतलं दिसत होतं. गाभाऱ्याबाहेर, गार फरशीवर, भिंतीला लागून पंचक्रोशीतल्या सगळ्या निवृत्त देवांनी रांग लावली होती. काच फुटलेल्या तसबिरी, झिजून नाकडोळे गेलेले टाक, गेल्या दोन वर्षांची पंचांगं, वाळलेल्या हारांचा ढीग. सगळे पावसाची वाट बघत होते आणि त्यांच्यात, लाल फडक्यात, आमचा कारखाना.

आमच्या वस्तीनं छप्पन सालानंतर आपले देव याच नदीत सोडले. माय तेव्हा नवी सून होती. टोपली तिनं स्वतः डोक्यावर नेली आणि मागं न बघता घरी आली, असं ती सांगते. तेव्हा नदीला पाणी होतं. आम्ही सोडलं ते वाहून गेलं आणि त्याचं आम्हाला कधी वाईट वाटलं नाही. पण या वर्षीच्या दुष्काळानं फ्लॉप्या वाचवून जे एक काम केलं, त्याबद्दल मी देवळाच्या पायरीवर उभा राहून कुणाचे आभार मानावेत ते मला कळेना. मामांनी फडकं माझ्या हातात दिलं. ‘‘पाणी आल्यावर परत आणून द्या,’’ म्हणाले, ‘‘न्हायतर माझ्यावर यायचं.’’

फडकं सोडलं. कुंकू लागलेलं होतं, धूळ होती, एका फ्लॉपीवर मुंग्या होत्या. पुसून मशीनमध्ये घातल्या. मशीन कुरकुरलं, थांबलं, पुन्हा कुरकुरलं आणि जुना प्रोग्रॅम उठून बसला. त्याला त्याच्या तारखा समजत होत्या. ऑक्टोबर डिसेंबरच्या आधी येतो हेही त्याला ठाऊक होतं. यादी छापून आली तेव्हा मायचं नाव पहिल्या पानावर होतं. तिच्याबरोबर ओढ्यापलीकडची बाकीची घरंही. त्यांनी ऊस लवकर लावला होता, कारण विहिरीला पाणी होतं तेवढ्यात लावावा लागला होता. मोठ्यांना घाई नव्हती.

मी धावत शेतकी अधिकाऱ्यांकडं गेलो. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि कागद टेबलावर ठेवला.

‘‘मशीन बिघडलं का?’’

‘‘नाही साहेब. ही बरोबर यादी आहे.’’

‘‘पहिल्या पानावर एक संचालक नाही. सगळी वस्ती वर आलीय. ही उलटी छापली गेलीय, तुझ्या लक्षात येत नाही का?’’ मग आवाज खाली आणून, समजूत घातल्यासारखं म्हणाले, ‘‘तुझ्या आईचं नाव दिसतंय यात. उगाच नाव खराब करून घेऊ नकोस. कुठल्या प्रोग्रॅमवर काढली?’’

‘‘जुन्या.’’

‘‘मग बरोबर. जुना प्रोग्रॅम. त्यात चुका असायच्याच.’’

मी परत काचेच्या खोलीत येऊन बसलो. खरी यादी माझ्या हातात होती आणि ती खोटी ठरली होती, कारण ती खरी दिसत नव्हती. पुण्याहून इंजिनिअर येईपर्यंत मायची विहीर थांबणार नव्हती. रडू येण्याइतका मी हरलो होतो, हे सांगायला मला आता लाज नाही. मग समोरच्या फ्लॉप्यांकडं बघता बघता मला आठवलं की या कारखान्यात एका गोष्टीला ‘चूक’ म्हणायची हिंमत कुणालाच होत नाही, नव्या आवृत्तीला.

मी फ्लॉप्यांवरचे जुने कागद ओले करून सोलून काढले, नवे चिकटवले आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: आवृत्ती तीन. मग चेअरमनकडं गेलो.

‘‘साहेब, पुण्याशी बोलणं झालं. आपली जी नवी आवृत्ती आहे, तिच्यात तारखांचा दोष निघालाय. दुरुस्तीला वेळ लागेल म्हणाले. तोवर ही लावा म्हणाले.’’ हे शब्दशः खरं होतं.

चेअरमननी फ्लॉपी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. दोषाचं त्यांनी काही विचारलं नाही. ‘‘तीन नंबरची? शेजारच्या कारखान्याकडं आलीय का ही?’’

‘‘नाही साहेब. त्यांच्याकडं अजून दोनच आहे.’’

‘‘मग थांबलाय कशाला?’’

दुपारी नारळ आला. पाट मांडला, फ्लॉप्या मांडल्या, चेअरमननी हळदीकुंकू वाहिलं, मी अंगठा धरून उभा राहिलो. शिपाईमामा उदबत्ती लावायला वाकले आणि तसेच थांबले. फ्लॉपीच्या कोपऱ्यात जुन्या कुंकवाचा एक डाग निघालेला नव्हता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी छताकडं पाहिलं. ‘‘पाण्यात जायचे हुते,’’ मामा पुटपुटले, ‘‘परत पाटावर आले. नशीब लागतं.’’

यादी निघाली. संचालकांच्या बैठकीत शेजारच्या बागायतदारांनी आवाज चढवला. त्यांचा नंबर पहिल्या पानावरून कुठं गेला ते त्यांना सापडतच नव्हतं. चेअरमन म्हणाले, ‘‘ही तीन नंबरची आवृत्तीय. पुण्याची. यंत्राला गट नसतो, आपणच म्हणलंय.’’ त्यांचं स्वतःचं नावही खाली गेलं होतं, पण निवडणूक जवळ आली होती आणि वस्तीतली मतं त्यांनी मनात मोजली असावीत. बॉयलर पेटवायच्या कार्यक्रमात त्यांनी सांगितलं, की या कारखान्यात शेवटच्या माणसाचा ऊस सगळ्यात आधी तुटेल. शेवटचा माणूस हा हुद्दा आम्हाला न विचारताच मिळाला होता, चिटबॉयला बॉय मिळाला होता तसा. तरी मी टाळ्या वाजवल्या. या वेळी मनापासून वाजवल्या.

टोळी आली तेव्हा मी रजा काढून रानात गेलो. बीडकडची माणसं होती, भराभर कोयते चालत होते. ऊस बारीक होता, पण हिरवा होता. मायनं एक कांडं मोडून मला दिलं, एक स्वतः खाल्लं. मोटर आदल्याच आठवड्यात बंद पडली होती, ती म्हणाली होती तशी. शेवटची मोळी गाडीवर चढत होती तेवढ्यात बांधावर मोटारसायकल थांबली. शेजारचे संचालक होते. त्यांचा ऊस पलीकडं उभा होता. त्यांच्या विहिरीला बोअरची जोड होती, त्यामुळं ऊस थांबणार होता आणि तेही थांबणार होते. त्यांना फक्त सवय नव्हती.

‘‘काय म्हातारे,’’ ते तिथूनच ओरडले, ‘‘यंत्रामुळं लवकर नंबर लागला की तुझा!’’

मायनं तोंडातला चोथा थुंकला, पदरानं ओठ पुसले.

‘‘लवकर न्हाय, मालक,’’ ती म्हणाली. ‘‘येळंवर लागला.’’

मग ती वाकली आणि पाचट गोळा करायला लागली.